ऊन, वारा आणि कोयनेचं पाणी: सौरऊर्जा वाढली की धरणाचं काम का बदलतं

कोयनेचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला की त्यात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. ते सगळं विजेसाठी नसतं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी एवढाच कोटा आहे. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने ही मर्यादा घालून दिली. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. महाराष्ट्रात ऊन, वारा आणि धरण यांची सांगड कशी घालायची हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या आकड्यापासून करावी.

आधी थोडा हिशेब करू. एक घनमीटर पाणी ४८० मीटर खाली आणलं, तर यंत्रांमधली तूट वजा जाता साधारण १.१८ युनिट वीज मिळते. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर, म्हणून एका टीएमसीचे ३.३ कोटी युनिट होतात. वरच्या टप्प्यांतून, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वीजगृहांतून, बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडी धरणात येतं आणि तिसऱ्या टप्प्याच्या ३२० मेगावॉटच्या यंत्रांतून पुन्हा एकदा वीज देऊन जातं. दोन्ही धरलं तर एका टीएमसीमागे ४ कोटींहून थोडी जास्त युनिट पडतात. तेच पाणी पूर्वेला, धरणाच्या पायथा वीजगृहातून सोडलं तर ५० लाख युनिटच्या आसपासच मिळतात, कारण तिथे उंची फार कमी आहे.

आता वेळ मोजू. चौथ्या टप्प्यात २५० मेगावॉटचे चार संच आहेत. चारही पूर्ण क्षमतेने चालवायचे तर सेकंदाला सुमारे २४० घनमीटर, म्हणजे तासाला साडेआठ लाख घनमीटर पाणी लागतं. ६७.५ टीएमसीला ३६५ ने भागलं की दिवसाच्या वाट्याला ५२ लाख घनमीटर येतात. एकटा चौथा टप्पा त्यावर सहा तास चालतो. पोफळीचे पहिला आणि दुसरा टप्पा, म्हणजे आणखी ६०० मेगावॉट, सोबत चालवले तर चार तासही पुरत नाहीत.

कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे हे बहुतेकांना माहीत असतं. ही क्षमता वर्षाच्या सरासरीने रोज चारच तास पूर्णपणे वापरता येते, हे सहसा सांगितलं जात नाही. म्हणून कोयनेबाबत खरा प्रश्न एकच असतो: ते चार तास कोणते?

दुपार भरली, संध्याकाळ उघडी पडली

पूर्वी उत्तर सोपं होतं. सकाळी घरं आणि कारखाने जागे होताना थोडा वेळ आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर बराच वेळ. मधल्या काळात औष्णिक वीज एका चालीने सुरू असायची आणि शेतीपंपांना बरीच वीज रात्री दिली जायची.

आता दुपार बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीच्या फीडरसाठी (पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांसाठी) १६ हजार मेगावॉट सौर क्षमतेचं उद्दिष्ट आहे. शेतीला दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. रात्री दोन वाजता विंचवा-सापांतून मोटर सुरू करायला जाणं ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. पण ग्रीड चालवणाऱ्यासमोर यातून नवं गणित उभं राहतं.

त्या गणिताचं नाव आहे निव्वळ मागणी. राज्याची एकूण मागणी घ्या, त्यातून सौर आणि पवन वीज वजा करा. जे उरतं ते कोळसा, गॅस, अणुऊर्जा आणि पाणी यांनी मिळून भागवायचं असतं. सौर क्षमता वाढत गेली की दुपारी १२ ते ३ या वेळात ही निव्वळ मागणी खोल खाली जाते आणि संध्याकाळी ५ ते ८ मध्ये झपाट्याने वर चढते. सूर्य मावळत असतो आणि त्याच वेळी घरातले दिवे, पंखे, एसी सुरू होत असतात.

औष्णिक संचांना ही चढण जड जाते. कोळशाचा संच साधारण मिनिटाला क्षमतेच्या एक ते तीन टक्के एवढाच वर-खाली होतो. तो फार खालीही उतरवता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी किमान पातळी ५५ टक्के ठरवली आणि टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत यायला सांगितलं. पूर्ण थंड झालेला संच पुन्हा पेटवायला बरेच तास जातात. जलविद्युत संच मात्र उभ्या अवस्थेतून काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो.

याची सगळ्या देशाने पाहिलेली परीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाली. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करण्याचं आवाहन होतं. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ती ३१ हजार मेगावॉटने उतरली. ग्रीड सावरलं ते मुख्यतः पाण्यामुळे. जलविद्युत आधीच २५ हजार मेगावॉटच्या वर नेऊन ठेवली होती, ती काही मिनिटांत ८ हजारांवर आणली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. संध्याकाळची सौर उतरण याहून सावकाश असते, पण ती रोज येते.

यंत्रघरात काय होतं

वीज वेळापत्रकात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात. कोणत्या भागात कोणी किती वीज द्यायची हे आदल्या दिवशी ठरतं आणि दिवसभर दुरुस्त होत राहतं. ढगांनी सौर वीज अंदाजापेक्षा कमी आली की वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली सरकते. ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र अशा वेळी जलविद्युत केंद्राला भार वाढवायला सांगतं.

सांगणं सोपं असतं, करणं तेवढं नसतं. बोगद्यात किलोमीटरच्या मापातला पाण्याचा स्तंभ असतो. टर्बाइनची दारं झटक्यात बंद केली तर त्या पाण्याचा वेग दाबात बदलतो आणि तो धक्का नळ फोडू शकतो. त्यासाठीच बोगद्याच्या शेवटी उभी सर्ज विहीर असते. दारं बंद होताच पाणी तिच्यात वर चढतं, उघडताच खाली जातं आणि काही मिनिटं असं हेलकावत शांत होतं. हेलकावा चालू असताना पुन्हा मोठा बदल केला, तर पहिल्या हेलकाव्यावर दुसरा चढू शकतो. म्हणून दोन मोठ्या भारबदलांमध्ये किती वेळ सोडायचा याचे नियम असतात आणि ते घाईत मोडायचे नसतात.

दुसरी अडचण टर्बाइनच्या जातीची. पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन आहेत: नोझलमधून सुटलेला झोत चाकावरच्या वाट्यांवर आदळतो. चारपैकी दोनच नोझल उघडल्या तरी यंत्र शांतपणे आणि चांगल्या कार्यक्षमतेने चालतं. चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस आहेत, त्यांत पाणी सगळीकडून आत शिरून खाली उतरतं. फ्रान्सिस साधारण ३० ते ६० टक्के भारावर चालवलं तर खालच्या नळीत पाण्याचा पीळ तयार होतो, यंत्र थरथरतं, बेअरिंगवर ताण येतो आणि पाण्यातले बुडबुडे फुटून पात्यांवर व्रण पडतात.

यावरून व्यवहारातला नियम निघतो. चौथ्या टप्प्यातून ४०० मेगावॉट हवे असतील तर चार संच शंभर-शंभरवर चालवू नयेत, दोन संच दोनशे-दोनशेवर चालवावेत. ३०० हवे असतील तर एक संच पूर्ण भरावा आणि उरलेले ५० पेल्टनकडून घ्यावेत. सौर वीज वाढली की 'थोडं कमी करा, थोडं वाढवा' अशा सूचना दिवसात अनेकदा येऊ लागतात. प्रत्येक सुरू-बंदमध्ये जनित्राची वेटोळी तापतात, गार होतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. लवचीकपणाची ही किंमत दरात कुठेतरी धरली पाहिजे. ती धरली नाही तर दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि ऐन मे महिन्यात संच बंद पडतो.

वाऱ्याचं आणि पावसाचं नातं

कोयना जलाशयाच्या वरच्या अंगाला, पाटण तालुक्यातच, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. पश्चिम महाराष्ट्रात वारा जोरात वाहतो तो जून ते सप्टेंबरमध्ये, नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर. धरण भरतं तेही त्याच महिन्यांत आणि ढगांमुळे सौर वीज घटते तीही तेव्हाच. म्हणजे पावसाळ्यात पवन वीज चालवून पाणी साठवावं आणि वारा पडल्यावर ते वापरावं, हा जोड निसर्गानेच दिला आहे.

ऑक्टोबरला वारा गेलेला असतो, उकाडा असतो, पण धरण भरलेलं आणि ऊन स्वच्छ असतं. हे दिवस सोपे. डिसेंबर-जानेवारीत रब्बीचे पंप आणि सकाळची चढण सांभाळावी लागते.

खरी कसोटी मार्चपासून पुढे लागते. ऊन भरपूर असतं, पण पॅनेलला अति उष्णता मानवत नाही. त्याची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्का घट होते. पॅनेल ६० अंशांवर गेलं की १२ ते १४ टक्के वीज कमी झालेली असते. जलाशयातून बाष्पीभवन वाढतं. रात्री उशिरापर्यंत एसी चालतात. आणि सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी भागातून टेंभू, ताकारी, म्हैसाळ उपसा योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी येते.

ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्याशी विजेचा हिशेब भांडत ठेवू नये. पूर्वेला सोडलेल्या प्रत्येक टीएमसीमागे साडेतीन कोटी युनिट वीज सोडावी लागते, हे खरं. पण त्याच उपसा योजनांचे प्रचंड पंप दुपारी, सौर वीज मुबलक असताना चालवले आणि संध्याकाळी ६ ते १० थांबवले, तर संध्याकाळच्या तुटीचा काही भाग तिथेच भरून निघतो. कालव्यात आणि वितरण हौदांत काही तासांचं पाणी धरून ठेवता येतं. या जोडणीला नवा बोगदा किंवा नवं धरण लागत नाही. पाटबंधारे आणि वीज खात्यांनी एकाच वेळापत्रकावर बसणं तेवढं लागतं.

हवामान बदलल्यावर जुनी कोष्टकं का चुकतात

धरणात कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं याचा जलाशय परिचालन आराखडा असतो. तो मागच्या अनेक वर्षांच्या आवकेवरून बनतो. त्यामागचं गृहीत असं, की पुढचा पाऊस साधारण मागच्यासारखाच पडेल. तेच आता डळमळलं आहे.

२०२३ पाहा. मॉन्सून मुंबईत पोहोचला २५ जूनला. त्यानंतरचा ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाने ओढ दिल्यावर शेतकऱ्यांनी पंप लावले आणि १ सप्टेंबरला देशाच्या विजेच्या मागणीने तोपर्यंतचा उच्चांक गाठला. उलट टोक २०२१ चं: २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली गेलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये लांब खंड पडतो. धरणासाठी हे वाईट असतं. कोसळलेलं पाणी सांडव्यावरून वाया जातं, सांगली-कोल्हापूरकडे पुराची भीती वाढवतं आणि खंडात आवक थांबते. पुरासाठी जागा रिकामी ठेवावी तर पाऊस थांबल्यावर धरण भरत नाही. लवकर भरून घ्यावं तर अतिवृष्टीत दरवाजे उचलण्याखेरीज उपाय उरत नाही.

पूर टाळायला पश्चिमेच्या बोगद्यांतून जास्त वीज करून जागा करावी, असं वरवर पाहता सुचतं. काही प्रमाणात ते करता येतं. पण ते अवजल, म्हणजे वीज करून बाहेर पडलेलं पाणी, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच जातं. कोकणात अतिवृष्टी असेल आणि समुद्राला भरती असेल, तेव्हा चिपळूणवर आणखी पाणी सोडणं धोक्याचं. म्हणून ही जागा पाऊस येण्याच्या तीन-चार दिवस आधी, अंदाज पाहून करावी लागते, आणि तेव्हा पवन वीज जोरात असेल तर ती कमी घेऊन पाण्याला वाट द्यावी लागते. कोट्यातलं पाणी त्यात खर्च होतं ते वेगळंच.

सगळ्यांत मोठा धोका एकत्र येणाऱ्या तुटीचा आहे. मोसमी वारे कमजोर पडले की पाऊसही कमी आणि पवन वीजही कमी, वर पंपांची मागणी जास्त. पाणी आणि वारा दोन्ही एकाच प्रवाहावर अवलंबून असल्याने ते एकमेकांचा आधार होत नाहीत. इथे ऊन उपयोगी पडतं, कारण पावसाच्या खंडात आकाश मोकळं असतं. राज्यात एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिट देतो. म्हणजे एका टीएमसीच्या ४ कोटी युनिटची भरपाई वर्षभरात सुमारे २५ मेगावॉट सौर क्षमता करते. १० टीएमसी कमी आलेल्या वर्षासाठी २५० मेगावॉट. हे युनिट दुपारचे असतात, संध्याकाळचे नसतात, हे विसरून चालत नाही. दुपारी पाण्याची एकही युनिट न वापरता ते सगळं रात्रीसाठी राखलं, तरच हा हिशेब जुळतो.

केवळ पाण्यावर विसंबलेल्या देशांचं काय होतं ते झांबियात २०२४ मध्ये दिसलं. करिबा सरोवर आटलं आणि लोकांना दिवसातले बहुतेक तास अंधारात काढावे लागले. चीनच्या सिचुआन प्रांतात ऑगस्ट २०२२ च्या उष्ण आणि कोरड्या लाटेत जलविद्युत निम्म्यावर आली आणि कारखाने बंद ठेवावे लागले. त्याच चीनमध्ये चिंगहाई प्रांतात लोंगयांगशिया इथे १२८० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आणि ८५० मेगावॉटचा सौर प्रकल्प एकाच केंद्रासारखे चालवले जातात. ढग आला की पाणी वाढवायचं, ऊन आलं की पाणी रोखायचं, आणि ग्रीडला एकच गुळगुळीत रेषा द्यायची. पारेषण वाहिनीही एकच, त्यामुळे ती दिवसा-रात्री दोन्ही वेळा कामी येते. मध्य प्रदेशात नर्मदेवर ओंकारेश्वरला ५२० मेगावॉटच्या केंद्राच्या जलाशयावर ६०० मेगावॉटच्या तरंगत्या सौर प्रकल्पाची योजना याच विचाराची आहे. शिवसागरावर ते तसंच्या तसं करता येणार नाही: पाण्याची पातळी वर्षात खूप वर-खाली होते, आणि भोवती कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे.

उदंचन: पाणी पुन्हा वर

अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर, घाटमाथ्यावर घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. १२५ मेगावॉटचे दोन संच, वर एक धरण, सुमारे चारशे मीटर खाली दुसरं. वीज हवी तेव्हा पाणी खाली सोडायचं, वीज उरली की तेच पाणी पंपाने वर चढवायचं. सहा तास वीज देण्यासाठी सुमारे सात तास पंप चालवावा लागतो. टाटांचा १५० मेगावॉटचा उदंचन संच भिरा इथे आहे, आणि भिवपुरी व शिरवटा इथे मिळून २८०० मेगावॉटची आखणी झाली आहे.

उदंचन वीज निर्माण करत नाही, उलट २० ते २५ टक्के खातं. तरीही ते मोलाचं आहे, कारण दुपारी वाया जाऊ शकणारी वीज ते संध्याकाळी आणून देतं. जुन्या रचनेत रात्रीच्या उरलेल्या औष्णिक विजेवर पंप चालायचे. आता ती वेळ दुपारी आणायची आहे. नदीपासून बाजूला असलेल्या तलावांना एकदा भरल्यावर बाष्पीभवन आणि झिरपा यांपुरतंच नवं पाणी लागतं, म्हणून दुष्काळी वर्षातही ते चालू राहतात.

पण उदंचनाचा साठा तासांत मोजायचा असतो. जुलैचं पाणी मेपर्यंत नेणं हे काम कोयनेसारखं मोठं धरणच करू शकतं. सह्याद्रीत अशा प्रकल्पांची रांग लागली आहे आणि जागा निवडताना जंगलाचा हिशेब कागदापुरता राहू नये. आधीच दोन धरणं जवळ आहेत तिथे बोगदा जोडणं, हे नवं खोरं बुडवण्यापेक्षा केव्हाही बरं.

पेपरातला आकडा कसा वाचावा

'कोयनेत इतके टीएमसी पाणी' ही बातमी रोज येते. १ मेला ३५ टीएमसी पाणी आहे असं समजा. त्यातून मृतसाठ्याचे, म्हणजे वापरता न येणाऱ्या तळाच्या पाण्याचे, ५ टीएमसी वजा करा, मध्य जुलैपर्यंत पूर्वेच्या सिंचनाला आणि पिण्याला १२ धरा, बाष्पीभवनाला दीड. उरले साडेसोळा.

इथे एक चूक हमखास होते: उरलेलं पाणी ३१ मेपर्यंतच्या दिवसांनी भागलं जातं. १ जूनला कोटा नवा मिळतो, पाणी मिळत नाही. मॉन्सून लांबण्याची शक्यता धरून १५ जुलैपर्यंतचे ७५ दिवस मोजावेत. दिवसाला ०.२२ टीएमसी, म्हणजे चौथा टप्पा रोज सात तास. संध्याकाळ निभावते. पातळी खाली गेल्यावरही बोगद्यात पाणी शिरावं म्हणून २५ एप्रिल २०१२ ला कोयनेत दुसरं लेक टॅपिंग (भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोटाने बोगद्याचं तोंड उघडणं) केलं होतं, त्याचा उपयोग याच दिवसांत होतो.

साठा ३५ ऐवजी २२ असेल तर वजाबाक्यांनंतर साडेतीन टीएमसी उरतात. दिवसाला दीड तास. अशा वर्षी हा दीड तास संध्याकाळी ७ ते साडेआठला बांधून ठेवावा लागतो, उपशाचे पंप दुपारी आणावे लागतात, घाटघर रोज पूर्ण भरून ठेवावं लागतं, आणि औष्णिक संचांची देखभाल त्या आधीच, हिवाळ्यात उरकावी लागते. म्हणजे हा निर्णय मेमध्ये घेऊन उपयोगाचा नसतो. पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरणात किती पाणी आहे ते पाहून तो घ्यायचा असतो.